सिस्टरच्या कार्डावरची पट्टी

मोबाइलवर लाल अक्षरं उमटली की माझा हात आपोआप मागे येतो. आपल्या हातून काहीतरी बिघडलं, आता कोणीतरी आतून येईल आणि विचारील, तुला हात लावायला कोणी सांगितलं होतं, असं वाटतं. माझी शाळा सातवीत सुटली. त्यानंतर लग्न झालं, कोकण सुटलं, पण ही सवय काही सुटली नाही.

त्या दुपारी पांढरकवड्याला सिस्टरच्या ओसरीत बसून मी कार्डाचा नंबर टाकत होते, तेव्हाही हात मागे गेलाच. ‘अमान्य कार्ड नंबर.’ दुकानाचं पान हिंदीत होतं. वर कानाच्या मशीनचं चित्र, खाली रिकाम्या चौकटी, आणि त्यातल्या पहिल्या चौकटीखाली हे लाल शब्द.

सिस्टर समोर खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय झालं व?"

मी ओरडून सांगितलं, "कार्ड चालत नाही."

"कारलं नाही चालत तं नको आणू. भेंडी कर."

हसू आलं, पण मी पुन्हा मोबाइलकडे वळले. कारण ते मशीन वेळेत आलं नाही, तर दसऱ्यानंतर सिस्टर या घरात राहणार नव्हत्या.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. गावात आणि आसपासच्या कोलामांच्या पोडांवर, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर त्यांनी इतकी बाळंतपणं केली आहेत, की रस्त्यानं जाताना केस पिकलेला माणूसही त्यांना पाहून सायकलवरून उतरतो. त्यांना नावानं हाक मारणारं आता गावात कोणी उरलेलं नाही. सगळे सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणते.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते. माझा नवरा ट्रकवर आहे. त्याच्या मालकाची वखार इथे हमरस्त्याला, म्हणून आम्ही खाडीकाठचं घर सोडून इथे आलो. तो हैदराबादकडे जातो, नागपूरकडे जातो, आणि मी इथे. पहिल्या दिवशी सामान अंगणात ठेवून मी पायरीवर बसले होते. सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कायले रडून राह्यली?" मला ‘कायले’ कळलं नाही. काहीतरी रागाचं असेल असं वाटून मी आणखी रडले. त्यांनी मग विचारणं सोडून चहा आणला.

त्याच पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. नवरा बाहेरच्या फेरीवर. सिस्टरनी खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली टांगली आणि तिथेच खुर्ची टाकून बसल्या. माझं डोकं पुसताना त्या जे काही बोलत होत्या त्यातलं निम्मं मला समजत नव्हतं, पण आवाज समजत होता. ते उपकार फेडायचे वगैरे माझ्या मनात नाही. ते फेडण्यासारखे नाहीतच. पण या बाईंना हे घर सोडावं लागणार असेल, तर निदान माझ्या चुकीमुळे ते होऊ नये, एवढं मी ठरवलं होतं.

झालं होतं असं, की सिस्टरच्या कानातलं मशीन कपडे भिजवलेल्या बादलीत पडलं. ते उन्हात ठेवलं, तांदळात ठेवलं, गेलं ते गेलंच. यवतमाळच्या दुकानदारानं सांगितलं की तसं मशीन आता तो ठेवत नाही, ऑनलाइन मागवा, कानाच्या तपासणीचा कागद पाठवला की ते लोक त्याप्रमाणे लावून धाडतात. पण त्याच आठवड्यात सिस्टरच्या मुलानं पुण्याहून दोन दिवस फोन केले आणि इकडे फोन वाजतोय हे सिस्टरना कळलंच नाही. मीही तेव्हा नवऱ्याबरोबर मुकुटबनला गेले होते. शेवटी त्यानं शेजारी फोन करून भिंतीवरून माणूस पाठवला. सिस्टर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या.

मुलगा वाईट नाही. घाबरला होता. मला फोनवर म्हणाला, "ताई, तुम्ही किती दिवस पुरणार? उद्या गॅस लीक झाला, कोणी दार वाजवलं, हिला काय कळणार? दसऱ्याला मी येतो. दीक्षाभूमीवर जाऊ, आणि तिथूनच तिला पुण्याला घेऊन जातो." मग म्हणाला, "तिला ऐकू येत असतं तर मी बोललोही नसतो."

हे मी कागदावर लिहून सिस्टरना दाखवलं. त्यांनी चष्म्यातून वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "ऐकू आलं तं नाही नेणार ना? मग मागव मशीन."

तर मशीन मागवणं माझ्याकडे आलं. पैसे पाठवायचं ॲप सिस्टरच्या फोनवर नव्हतं. मागे एकदा कोणीतरी बँकेतून बोलतो म्हणून फोन केला होता, तेव्हा मुलानंच ते काढून टाकलं होतं. मशीन पाठवणारे लोक घरी आल्यावर रोख घेत नव्हते. माझ्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. राहिलं एक कार्ड, पेन्शनच्या बँकेनं दिलेलं. सिस्टर ते कमरेच्या बटव्यात किल्ल्यांबरोबर ठेवत. त्यामुळे त्यावरचे शेवटचे चार आकडे पूर्ण घासून गेले होते. तिथे सिस्टरनी सलाईनची सुई चिकटवायची पांढरी पट्टी कापून लावली होती आणि त्यावर पेनानं आकडे लिहिले होते. नर्सबाईंचं काम. पट्टीचा काठसुद्धा सरळ.

मी आकडे पुन्हा टाकले. लाल. आणखी एकदा, एकेक बोलून. लाल. मग थांबले. असं वारंवार केलं की बँक कार्ड बंद करते असं कुठेतरी ऐकलं होतं.

मी मोबाइल सिस्टरच्या पुढे धरला. त्यांनी ते शब्द वाचले.

"अमान्य," त्या म्हणाल्या. "कोणाले अमान्य?"

मी खांदे उडवले.

"त्यानंच बंद केलं असन. ॲप काढलं, आता कार्ड. म्हणजे मायले कुठं जाता येणार नाही, काही घेता येणार नाही, गपगुमान गाडीत बसन." त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, बटव्यात टाकलं आणि बटव्याची दोरी ओढली. "मले विचारलं असतं तं मीच दिलं असतं ना कार्ड. चोरून कायले?"

मला ते खरं वाटेना. पण खोटं आहे हे कशावरून सांगणार? मुलाला फोन करून विचारावं, तर सिस्टर म्हणाल्या, खबरदार. बँकेला फोन करावा, तर तिथे आधी मशीनच बोलतं, आकडे दाबायला लावतं, आणि ज्यांचं कार्ड त्यांना ऐकूच येत नाही.

संध्याकाळी जेवण करताना माझ्या डोक्यात तेच. ‘अमान्य’ हा शब्द मला सोडेना. शाळेतून नाव काढताना बाबांनी दिलेलं कारण गुरुजींना मान्य झालं होतं, एवढं आठवलं. मान्य कोणीतरी करतं. अमान्यही कोणीतरी करत असणार. तो कोण, हे कळल्याशिवाय सिस्टरनी मुलावर रागावणं बरोबर नाही आणि मी गप्प बसणंही बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरकडून कार्ड मागून घेतलं आणि पुन्हा आकडे टाकायला बसले. निम्मे टाकून झाले आणि लाइट गेली. लाइट गेली की आमच्या गल्लीत नेटही जातं. मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यातल्या रेघा नाहीशा झाल्या. पान मात्र उघडंच होतं, म्हणून मी उरलेले आकडे टाकून दिले.

शेवटचा आकडा दाबला, आणि लाल अक्षरं आली.

मी मोबाइलकडे बघत राहिले. नेट नाही. म्हणजे माझे आकडे या ओसरीतून बाहेर गेलेच नाहीत. बँकेला कळलं नाही, मुलानं काही केलं असेल तर तेही याला माहीत असायचं कारण नाही. मग बसल्या जागी नाही म्हणालं कोण?

भाजी तशीच टाकून मी चप्पल घातली.

बसस्टँडच्या मागे एक ऑनलाइन सेंटर आहे. चालवणारा तांड्यावरचा आहे, पस्तिशीचा, बोलायला मोकळा. तो स्वतः सांगतो की त्याच्या वेळेला त्याच्या याडीचं बाळंतपण सिस्टरनीच केलं, भर पावसात, नाल्याला पूर असताना. याडी म्हणजे आई. त्यामुळे सिस्टरकडून आले म्हटलं की तो रांगेतून आधी बोलावतो.

"काय वैनी, एवढ्या धापा टाकून? गाडी सुटून राह्यली का?"

मी सगळं सांगितलं. नेट गेल्यावरही लाल अक्षरं आली, हे सांगितलं तेव्हा त्याचा हात माउसवरून उचलला गेला.

"मग तं तुम्ही उत्तर घेऊनच आल्या. बँकेनं नाही म्हटलं नाही वैनी, बँकेले अजून पत्ताच नाही. तुमच्या मोबाइलनंच नाही म्हटलं."

"मोबाइलला काय माहीत कार्ड कोणाचं?"

"कोणाचं ते नाही माहीत. नंबर नंबरासारखा हाय का, एवढंच माहीत. कार्डाचा नंबर म्हणजे मनानं लिहिलेले आकडे नसते. शेवटचा आकडा राखणदार. आधीच्या सगळ्या आकड्यांवरून हिशोब करून थो बसवलेला असते. दुकानाचं पान काय करते, बँकेकडे धाडायच्या आधी दारातच थो हिशोब करून पाहते. जमला तं पुढं जा, नाही जमला तं लाल. कायले उगंच बँकेले त्रास द्यायचा?"

मी कार्ड पुढे केलं. त्यानं हात मागे घेतला.

"इथं नका काढू. दहा लोकाईचं कम्प्युटर हाय हे. मले पण नका दाखवू. मी शिकवतो, तुम्ही घरी करा."

"मला गणित येत नाही."

"दुप्पट येते का?"

"दुप्पट येते."

"बेरीज?"

"भाजी घेते रोज."

"झालं मग. यापेक्षा जास्त मले पण नाही येत."

त्यानं ड्रॉवरमधून स्वतःचं जुनं, मधोमध कापलेलं कार्ड काढलं आणि कागदावर समजावलं. उजवीकडून सुरुवात. शेवटचा आकडा तसाच ठेवायचा. त्याच्या डावीकडच्याची दुप्पट. पुढचा तसाच, त्याच्या पुढच्याची दुप्पट, असं पहिल्या आकड्यापर्यंत. दुप्पट करून दोन अंकी आलं, तर त्या दोन अंकांची आपसात बेरीज, म्हणजे नवाची दुप्पट अठरा, एक आणि आठ नऊ. मग सगळं एकत्र मिळवायचं. बेरजेच्या शेवटी शून्य आलं तर नंबर धड. नाही आलं तर कुठेतरी आकडा चुकला.

"आणि हा राखणदार हुशार हाय," तो म्हणाला. "एक आकडा कुठंही चुकू द्या, पकडतेच. शेजारचे दोन उलटेसुलटे झाले तरी पकडते. फक्त शून्य आणि नऊ एकमेकाच्या जागी बसले तं नाही पकडत. तेवढा आंधळा हाय."

"मग चुकलेला आकडा कोणता, ते सांगतो का?"

"ते नाही सांगत. म्हणून एक आयका. लोक काय करते, एखादा आकडा बदलून बदलून पाहते, आणि लाल गेलं की खुश होते. तसं नका करू. कोणत्याही जागी दहातला एक आकडा टाकला की हिशोब जमतेच. पण थो नंबर तुमचा नसते. उद्या बँक विचारन, हा कोणाचा?"

उठताना मी विचारलं, "म्हणजे कार्ड बंद नाही?"

"ते मी कसं सांगू वैनी. बंद असन पण, चालू असन पण. पण दारातच अडलेल्या माणसाले घरात काय चाललंय ते कुठं माहीत असते? आधी दार उघडा. आणि सिस्टरले सांगा, पोरावर आत्ताच नका चिडू. भाऊ चांगला हाय."

मी पैसे विचारले तर म्हणाला, "जन्माले घालतानी घेतले होते का त्याईनं?"

घरी आले तेव्हा लाइट आली होती. सिस्टर देवळीतल्या बुद्धमूर्तीपुढे फुलं ठेवत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उचलल्या. मी हातानं थांबा अशी खूण केली आणि ओसरीत पाट ओढून कागद-पेन्सिल घेऊन बसले.

खरं सांगते, त्या आकड्यांसमोर बसल्यावर माझे तळहात ओले झाले. फळ्यासमोर उभं राहिल्यावर व्हायचे तसेच. पण तिथे मागे अख्खा वर्ग असायचा, इथे मागे फक्त भिंत होती. पाटीवरचं पुसता येतं तसं इथेही पुसता येत होतं. मी एका ओळीत आकडे मांडले, एक सोडून एकाखाली दुप्पट लिहिली, दोन अंकी आलेल्यांची बेरीज केली, आणि सगळं मिळवलं.

सदुसष्ट.

पुन्हा केलं, डावीकडून मिळवत. सदुसष्ट. तिसऱ्यांदा हरभऱ्याचे दाणे घेऊन केलं, कारण तोंडानं केलेल्या बेरजेवर माझा विश्वास नाही. दाणेही सदुसष्टच निघाले.

मला बरं वाटलं. शून्य आलं नाही तरी बरं वाटलं. कारण आता मला माहीत होतं की मोबाइल मला ओळखत नाही, माझी सातवी ओळखत नाही, सिस्टरच्या मुलालाही ओळखत नाही. त्यानंही हीच बेरीज केली होती आणि त्यालाही सदुसष्टच आले होते. आम्ही दोघं बरोबर होतो. आकडा चूक होता.

छापलेले बारा आकडे मी उजेडात तिरके धरून पाहिले, बोट फिरवून पाहिले. ते स्वच्छ होते. राहिली पट्टी. पट्टीवर दोन, शून्य, नऊ, तीन. चारही ठसठशीत. मला ऑनलाइनवाल्याचं आंधळ्या राखणदाराचं बोलणं आठवलं, म्हणून शून्य आणि नऊ यांची जागा बदलून बेरीज केली. पुन्हा सदुसष्ट. त्याचं बोलणं किती खरं होतं ते दिसलं, पण कामाला आलं नाही.

पट्टी उचकटून खाली बघावं, असं मनात आलं. नखानं एक कोपरा उचलला. खाली नुसतं पांढरं प्लास्टिक. पट्टी परत दाबली.

आता एकच उरलं होतं, आणि तेच मी पहिल्या दिवसापासून टाळत होते. सिस्टरना विचारणं. त्यांना त्यांच्या कानाबद्दल काही वाटत नाही, पण डोळ्यांबद्दल वाटतं. पहिल्याच वेळी सुई शिरेत घालणारी बाई. तुम्ही आकडा चुकीचा लिहिलाय का, हे त्यांना कसं विचारायचं? शिवाय मला वाटत होतं की चूक माझीच असणार, आणि आपलीच चूक दुसऱ्याला विचारायची म्हणजे दोनदा लाज. लाल आकडा बदलून बदलून हिरवा करणं सोपं होतं. बेरजेत सात जास्त होते, ते कमी करणारा आकडा मी कोणत्याही जागी बसवू शकले असते. पण तो सिस्टरचा नंबर झाला नसता.

मी कागदाच्या कोऱ्या बाजूला पट्टीवरचे चार आकडे मोठे करून लिहिले, 2093, आणि खाली लिहिलं, ‘सिस्टर, पट्टीवर हेच आहे ना?’

त्यांनी कागद घेतला. चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय लिहिलं? वीस त्र्याण्णव?"

मी मान हलवली.

"वीस त्र्याण्णव कुठून आणलं? माह्यं तं वीस तेरा हाय."

मी कार्ड पुढे केलं आणि पट्टीवरच्या तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हो मग. वीस तेरा. एक हाय थो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ताप उतरल्यावरही बडबडणाऱ्या पेशंटकडे पाहतात. "मराठी एक. शाळेत नाही शिकवला का तुले?"

मी पट्टीकडे पाहिलं. २०१३. आत्तापर्यंत 2093 दिसत होतं, आणि एका क्षणात ते २०१३ झालं, आणि पुन्हा 2093 काही दिसेना. दोन, शून्य, तीन, दोन्ही लिपींत सारखेच. फक्त मधला एक वेगळा. डोकं गोल, खाली शेपटी. इंग्रजीत तो नऊ असतो.

शिकवला होता ना, शाळेत तोच शिकवला होता. आमच्या शाळेत सगळे आकडे मराठीतच होते. पण इथे आल्यावर, मोबाइल हातात आल्यावर, बसचे नंबर, गॅसचे नंबर, ओटीपी, सगळं इंग्रजीत असतं म्हणून मी स्वतःला सक्तीनं सवय लावली की आकडा दिसला की इंग्रजीच वाचायचा. मराठी आकडा वाचताना कोणी पाहिलं तर सातवी दिसेल, असं वाटायचं. आणि सिस्टरनी जन्मभर दवाखान्यात पोरांची वजनं मराठी आकड्यांत लिहिली होती. त्यांचा हात दुसरं लिहिणार कसं?

मी पुन्हा दाणे घेतले. नवाची दुप्पट अठरा, त्याचे नऊ. एकाची दुप्पट दोन. नऊच्या जागी दोन, म्हणजे सात दाणे बाजूला. उरले साठ.

शेवटी शून्य.

सिस्टर माझ्या डोक्यावरून वाकून दाणे बघत होत्या. "काय करून राह्यली? उसळ टाकायची का?"

मी हसत होते आणि मला बोलता येत नव्हतं, आणि बोलले असते तरी त्यांना ऐकू आलं नसतं. मी मोबाइल घेतला. हात मागे जाऊ नये म्हणून अंगठा घट्ट धरून एकेक आकडा दाबला. शेवटचा तीन टाकला. खाली काहीच आलं नाही. लाल नाही, काही नाही. कार्डाचं एक छोटं चित्र तेवढं उमटलं. पुढच्या चौकटी भरल्या, बटण दाबलं, आणि पान गोल गोल फिरायला लागलं. आता खरंच बँकेकडे गेलं होतं. कार्ड बंद असेल तर ते आता कळणार होतं. सिस्टरनाही हे समजलं होतं, कारण त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

त्यांचा फोन उजळला. ओटीपी.

मी तो त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच टाका," खुणेनं सांगितलं. त्यांनी बोटानं सावकाश टाकला. पान थांबलं. पैसे पोचले, मशीन निघेल, असं काहीसं हिंदीत आलं.

सिस्टर खुर्चीत बसल्या. कार्ड बटव्यात टाकलं, पण दोरी ओढली नाही. "म्हणजे त्यानं नाही बंद केलं," त्या म्हणाल्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही, बटव्याला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "फोन लाव त्याले. सांग, माय म्हणते जेवला का."

मशीन दसऱ्याच्या आधी आलं. कानात बसायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मिक्सरला शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी माझ्या बांगड्यांना. "एवढा आवाज असते जगात?" असं म्हणून मशीन काढून ठेवायच्या आणि पुन्हा घालायच्या. मीच त्यांच्या मागे लागले. झाडताना, भांडी घासताना, पाठीमागून हळू बोलायचे, आणि ऐकू आलं नाही तर परत. या बाबतीत मी फार दुष्ट झाले. त्या म्हणायच्या, "पोट्टी जीव घेते." मी म्हणायचे, "घेते. घाला कानात."

मुलगा आला तो सकाळच्या गाडीनं. मी त्याला सगळं फोनवर सांगितलं होतं, तरी त्याच्या तोंडावर विश्वास दिसत नव्हता. त्यानं अंगणाचं फाटक उघडलं आणि हाक न मारता तिथेच थांबला, खिशातून मोबाइल काढला. आत फोन वाजला. सिस्टर तेव्हा मागे मोरीत होत्या. दुसऱ्या घंटेला त्यांचा आवाज आला, "आली, आली, कोण एवढं सकाळी?" त्यांनी फोन उचलून हॅलो म्हटलं, आणि ओसरीतून फाटकाकडे पाहिलं.

"अंगणात उभा राहून फोन कायले करतं? पैसे जास्त झाले का?"

तो पायऱ्या चढून आला. त्यांच्या पाया पडला. मग ओसरीत बसून पाणी प्याला, आणि त्यानंतर जे प्रश्न विचारले ते सगळे मला. मशीनची बॅटरी किती दिवस चालते. कुठे मिळते. यवतमाळला मिळते का, की मागवावी लागते. मागवायची तर कोण मागवणार.

"मी," म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. मला आता येतं."

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत पाहू. उन्हाळ्यात मी परत येतो आणि परत बोलू."

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात," सिस्टर आतून म्हणाल्या. आम्ही त्यांच्याशी बोललोच नव्हतो. "आत्ता जेवायचं का नागपूरच्या गर्दीत खायचं, ते सांग."

त्याच दुपारी ते दोघं दीक्षाभूमीला निघाले. एकच पिशवी होती, तीही सिस्टरची, त्यात दोन पांढऱ्या साड्या आणि मशीनची डबी. मोठी बॅग मुलानं आणलेली, ती रिकामीच माझ्या खोलीत ठेवली. म्हणाला, परत येताना घेऊन जाईन. सिस्टरनी फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली आणि बजावलं की परवा संध्याकाळपर्यंत येते, वरण लावून ठेव, आणि दाणे भिजवले असशील तर फेकू नको.